तीन सह्यांचं बटण

घरच्यांचं मत घ्यावं, असं ऋषिराजला वाटलं ते चहाचा दुसरा घोट घेताना. तिसरा घोट घेण्याआधी त्यानं तो विचार सोडून दिला असता, तर शेळगावातल्या त्या घराचे पुढचे पंधरा दिवस सुखात गेले असते. पण ऋषिराज विचार सोडून देणाऱ्यांपैकी नव्हता. तो नेदरलँड्समध्ये शिकून आला होता आणि येताना तिथल्या चीजऐवजी एक ध्येय घेऊन आला होता. (चीज आणलं असतं, तर निदान ते कधीतरी संपलं असतं.)

ध्येय असं, की बाग आणि ताट यांच्यामध्ये कुणी नको. व्यापारी नको, दलाल नको, अडत नको. मध्ये फक्त एक बटण. पुण्यातल्या माणसानं बटण दाबायचं आणि शेळगावच्या झाडावरचा पेरू त्याच्या दारात जायचा. घरची तैवान पिंक पेरूची बाग यंदा पहिल्यांदाच भरात आली होती. एकेका फळाला फोमची जाळी आणि वरून पिशवी घालून ऋषिराजच्या आईनं, बनाबाईनं, ती बाग लेकरासारखी सांभाळली होती. ऋषिराजनं तिला शब्द दिला होता, "आई, औंदा व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. वेबसाइट तयार होतेय."

वेबसाइट तयार होत नव्हती. वेबसाइट कशानं तयार करावी याची चर्चा तयार होत होती, आणि तीही ऋषिराजची ऋषिराजशी.

त्याचं काय आहे, वेबसाइट जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. पण सगळं हातानं लिहीत बसणं म्हणजे रोजच्या कालवणाला रोज मसाला कुटणं. म्हणून लोकांनी आधीच कुटून ठेवलेला मसाला वापरायचा, त्याला लायब्ररी म्हणतात. आता मसाला एकच असता तर जगात भांडणं कशाला झाली असती? रिअॅक्ट होती, व्ह्यू होती, जुनी जेक्वेरी होती. ऋषिराज सकाळी रिअॅक्टचा असायचा, दुपारी व्ह्यूचा. संध्याकाळी कुणीतरी परदेशी गृहस्थ इंटरनेटवर लिहायचे, की एवढ्याशा कामाला जुनी जेक्वेरी पुष्कळ झाली. मग त्याला जेवण गोड लागायचं नाही.

"अरे, कोणतीही एक घे," त्याची बायको श्रेया म्हणाली. श्रेया वालचंदनगरच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायला बसायचं. त्यामुळे 'बघू' हा शब्द तिला माहेरी कुणी शिकवलाच नव्हता. "पेरूला काय कळणार आहे कशात लिहिलंय ते?"

"प्रश्न पेरूचा नाही. पायाचा आहे. उद्या सगळा तालुका या वेबसाइटवर आला तर?"

"आधी आपली बाग तर येऊ दे."

आणि नेमक्या त्या क्षणी, चहाच्या दुसऱ्या घोटाला, ऋषिराजला सहकाराची आठवण झाली. ज्या मातीत माणसं एकत्र येऊन कारखाने काढतात, त्या मातीत त्यानं एकट्यानं निर्णय का घ्यावा?

त्यानं सगळ्यांना पडवीत बोलावलं.

सगळे म्हणजे आजोबा सर्जेराव, ज्यांना घर आणि गाव दोन्ही आबा म्हणतं. वडील मोहनराव, म्हणजे तात्या. बनाबाई आणि श्रेया. आबा एके काळी गावच्या सोसायटीचे संचालक होते. पद एकाच टर्मचं, पण सवय जन्मभराची. घरात कोणती भाजी करायची हेही ते सूचक-अनुमोदकाशिवाय ठरू देत नसत.

ऋषिराजनं तिन्हीत एकेक नमुन्याचं पान करून आणलं होतं. त्यानं ते दाखवलं आणि मन लावून समजावून सांगितलं.

"ही रिअॅक्ट. फेसबुकवाल्यांनी काढली. मागं मोठी कंपनी आहे."

"मग झालं तर," तात्या म्हणाले. "कारखान्याच्या मागं सरकार पायजे आन् मालाच्या मागं कंपनी. आपलं मत हिला."

"ही व्ह्यू. एका माणसानं सुरू केली, लोकांनी उचलून धरली. शिकायला सोपी."

"एकट्यानं सुरू केली?" बनाबाईनं विचारलं. "मागंपुढं कुनी न्हाय? मग माझं हिला. एकट्या जिवाला कुनीतरी साथ द्यावी."

"आणि ही जेक्वेरी. जुनी आहे. एके काळी सगळं जग हिच्यावर चालायचं. आता नवे लोक हिला विचारत नाहीत."

आबा ताठ बसले. "का? काय खाल्लं तिनं कुनाचं?"

"तसं नाही आबा, जमाना बदलला."

"राबवून घेतलं आन् आता जमाना बदलला व्हय? माझं मत जुनीला. लिहून घे."

तिघांची तीन मतं झाली. सगळ्यांनी श्रेयाकडं पाहिलं.

"मी तटस्थ," श्रेया म्हणाली. "विचार करून सांगते."

इथून पुढं घरात जे झालं, त्याला गावाकडं प्रचार म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाईनं सुनेला चहा अंथरुणात नेऊन दिला. तात्या इंदापूरला खताला गेले आणि येताना खताबरोबर सुनेसाठी भेळ घेऊन आले. आबांनी तर कमालच केली. दोन वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले, "भाकरी बरी झालीया." त्यावर तात्यांनी, आबांनी आचारसंहिता मोडल्यासारखं, त्यांच्याकडं बघितलं. आता पडवीत तात्या बसले की आबा परसात जात, आणि आबा आले की बनाबाईला गोठ्यातलं काम आठवे. जेवताना एकमेकांशी बोलायचं असलं, तर श्रेयामार्फत बोलत.

"तुझ्या सासऱ्याला म्हनावं, मोठ्या कंपन्या आदी हात धरत्यात, मग बोट, मग पार मनगट."

"तुझ्या सासूबाईंना म्हनावं, साथ द्यायची तर आमालाबी द्या कवातरी."

"अगं, देऊन टाक की मत," ऋषिराज एकांतात श्रेयाला म्हणाला.

"देईन की. पण रोज भेळ मिळतेय तोवर घाई कशाला?" (भोंग्याची शिस्त असलेली मुलगी आठ दिवसांत इतकी बदलली. राजकारण वाईट.)

या सगळ्यात एकच पक्ष असा होता, की ज्याला प्रचाराशी देणंघेणं नव्हतं. पेरू. ते आपले पिशव्यांच्या आत हळूहळू हिरव्याचे पोपटी होत होते.

संभाजीराव व्यापारी बांधावर आले. त्यांनी एक पिशवी सोडून फळ बघितलं, दाबलं, वास घेतला. "बनाबाई, माल एक नंबर हाय. उद्या गाडी लावतू. बोला."

बनाबाईनं पदर खोचला. "औंदा न्हाय जमायचं, भाऊ. आमचा माल कंप्युटरवर जातोय."

"कंप्युटरवर? बरं बरं." संभाजीराव हसले नाहीत, हे विशेष. "मग मी गाडी शेजारच्या बागंत लावतू. पर बघा हां, पुन्ना मला वेळ न्हाय. आन् ह्यो माल चार दिसांच्या वर झाडावर थांबायचा न्हाय."

ते गेले. बनाबाई बांधावर उभी राहून ऋषिराजकडं बघत राहिली. वर्षभर तिनं ज्या फळांना पाखराची चोच लागू दिली नव्हती, ती आता त्याच्या शब्दावर झाडाला लटकली होती.

त्यानं आबांचे पाय धरले. "आबा, मार्ग काढा. मतदान नको. दिवस उरलेत चार."

आबांना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी फेटा डोक्यावर चढवला आणि पडवीत बैठक लावली.

"मतदान म्हंजी भांडान," ते म्हणाले. "तीन दिसांत चुली वायल्या व्हतील. सोसायटीत आमी काय करायचू? बिनविरोध! समद्यांना घ्या. कुनाला नाराज करायचं न्हाय. मोहन, तुझ्या कंपनीवालीकडं कंचं खातं दिऊ?"

"वरचा भाग. नाव, पत्ता, बागंची माहिती."

"दिलं. सूनबाई, तुझ्या त्या एकटीकडं?"

"फोटू," बनाबाई म्हणाली. "तिला एका कडंला गोडीनं काम करू द्या."

"आन् जुनी ऱ्हाईल तज्ज्ञ संचालक म्हून. खाली जे काय हालतं-चालतं, ते तिच्याकडं."

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतंच. एका घरात तीन सासवा नांदवण्यासारखं ते होतं. पण होण्यासारखं होतं. घोडं अडलं बटणावर. ऑर्डर घेणारं बटण कुणाकडं? ते तर चेअरमनपद. तात्या म्हणाले कंपनीकडं, बनाबाई म्हणाली एकटीकडं, आणि आबा म्हणाले, अनुभव बघा.

आबांनीच तोड काढली. "सोसायटीचा चेक एकाच्या सहीनं कवा सुटतू का? चेअरमन, सेक्रेटरी, मॅनेजर. तीन सह्या! तसंच बटनाला तिघींची सही ठिवा. कुनी चोरी करायचं न्हाय, कुनी रुसायचं न्हाय."

टाळ्या पडल्या. ऋषिराजचे डोळे भरून आले. परदेशात मोठमोठ्या पुस्तकांत त्यानं सहकारावर जे वाचलं होतं, ते त्याच्या पडवीत घडत होतं. हे तांत्रिकदृष्ट्या वेडेपणाचं आहे, असं त्याच्या मनात आलंही. पण भरलेल्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यानं बटण तिघींना जोडलं. रिअॅक्टलाही, व्ह्यूलाही, जेक्वेरीलाही. वेबसाइट सुरू झाली. त्यानं आणि श्रेयानं दुवा पुण्यातल्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवला. माल घरपोच, पैसे हातात पेटी आल्यावर.

तासाभरात फोन वाजला. टिंग. टिंग. टिंग.

"तीन पेट्या!" तात्या ओरडले. "वाकडच्या कुनी प्राचीताई!"

पुन्हा टिंग, टिंग, टिंग. बाणेर, तीन पेट्या. मग कोथरूड, तीन. मग पुन्हा वाकड, तीन. आबांनी साखर वाटली. श्रेया तेवढी कपाळाला आठी घालून स्क्रीनकडं बघत होती.

"अहो, प्रत्येक जण तीनच कशा काय मागवतोय? कुणी दोन नाही, कुणी चार नाही?"

बनाबाईला हा प्रश्नच कळला नाही. "एक घरला, एक लेकीला, एक शेजारनीला. त्यात काय इचारायचं? एकटीनं पेटी फोडून खात्यात व्हय कुनी?"

तात्यांनी मान डोलावली. आबांनी डोलावली. कारण त्या घरात खरंच तसंच होतं. आंब्याची पेटी आली तरी ती उघडायच्या आधी तिच्या तीन वाटण्या ठरलेल्या असत. आणि ऋषिराज? तो पडवीच्या खांबाला टेकून गदगदला होता. "श्रेया, लोक म्हणतात शहरं कोरडी झाली. अगं, अजून वाटून खातात माणसं! बघ हे!"

"बघतेय," श्रेया म्हणाली. "पण..."

पण ऐकायला कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पानावर 'माल संपला' असं झळकलं आणि सगळं घर बागेत उतरलं. आठवडाभर न बोललेली माणसं एकाच झाडाखाली पेरू तोडू लागली, आणि रागाचं सगळं बोलणं राहून गेल्यामुळे दुप्पट बोलू लागली. संध्याकाळपर्यंत तयार झालेलं एक फळ झाडाला उरलं नाही.

पहाटे गावातल्या भिमाचा छोटा हत्ती टेम्पो पेट्यांनी भरून पुण्याकडं निघाला. ऋषिराज भिमाशेजारी बसला. बनाबाईही निघाली. "लेकीला, शेजारनीला धरून खानारी मानसं कशी असत्यात, ती बघून तरी येतू," ती म्हणाली.

पहिलं घर वाकडच्या प्राचीताईंचं. सातवा मजला. ऋषिराजनं दारात तीन पेट्या ठेवल्या.

"अगं बाई, तीन कशा?" प्राचीताई म्हणाल्या. "मी एकच मागवली होती."

ऋषिराज हसला. "दोन लेकीला आणि शेजारणीला असतील."

"मला मुलगी नाही," प्राचीताई म्हणाल्या. "आणि शेजारी कोण राहतं, देव जाणे. नवीन आलेत."

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही तेच म्हणाले. फक्त एक. ऋषिराज जिन्यात खाली बसला आणि त्यानं फोन उघडला. प्रत्येक नाव तीन वेळा. एकाखाली रिअॅक्टची सही, एकाखाली व्ह्यूची, एकाखाली जेक्वेरीची. एका चेकवर तीन सह्या व्हायच्या, त्याऐवजी एकेक सही करून तिघींनी तीन चेक सोडले होते. म्हणजे खालच्या गाडीतला बहुतेक माल कुणीच मागवलेला नव्हता. झाडावर असता तर संभाजीरावांचे पाय धरता आले असते. आता तो तोडलेला होता, पिवळा पडत होता, आणि वाकडच्या उन्हात उभा होता.

"आई," तो म्हणाला. "चूक माझी आहे. एका माणसानं एकदा बटण दाबलं, की तिघींनी वेगवेगळी ऑर्डर पाठवली."

"एकीनंबी दुसरीला इचारलं न्हाय?"

"त्यांचं एकमेकींशी बोलणं नसतं, आई."

"जावा-जावा हायत म्हन की," बनाबाई म्हणाली. तिनं एकदा खाली गाडीकडं पाहिलं. चेहरा क्षणभर उतरला. ऋषिराजनं तो पाहिला आणि त्याला वाटलं, नेदरलँड्सला परत जावं, तेही चालत. मग तिनं पदर खोचला. "ऊठ. उचल पेट्या."

"कुठं?"

"शेजारनीकडं. दुसरं कुठं?"

ती पुन्हा सातव्या मजल्यावर गेली आणि प्राचीताईंनाच हाताला धरून बाहेर काढलं. "ताई, भितीला भित हाय आन् नाव म्हाईत न्हाय? ह्ये बरं न्हवं. चला, वळख करून देती."

"पण तुम्ही तरी त्यांना कुठं ओळखता?"

"मी वळखायला कशाला पायजे? पेरू हाय की."

तिनं समोरची बेल दाबली. दार उघडलं, तसा कमरेच्या पिशवीतून चाकू काढला, पेरूची गुलाबी फोड केली, मीठ-तिखट लावलं आणि पुढं धरली. "खाऊन बघा. आवडला तर घ्या, न्हाय तर ऱ्हाऊ द्या. ह्या प्राचीताई. तुमच्याच हितं ऱ्हात्यात."

त्या मजल्यावर चार दारं होती. चारही उघडली. मग खालचा मजला. मग लिफ्टनं जाणारे लोक मध्येच उतरायला लागले. कुणाचं गाव करमाळा निघालं, कुणाचं माढा. एका बाईची मावसबहीण इंदापूरकडं, नरसिंहपुरात दिलेली होती, म्हणून तिनं दोन पेट्या घेतल्या. चार वर्षं एकमेकांच्या गाडीला जागा न देणारे दोघे खाली एकाच पेटीवर वाकून पेरू निवडत होते. ऋषिराज पेट्या वाहत होता. बाणेरला तेच, कोथरूडला तेच. उन्हं कलली तेव्हा छोट्या हत्तीत फक्त पेंढा उरला होता, आणि त्या पेंढ्यावर बनाबाई पाय पसरून बसली होती.

"मानसं बरी हायत," ती म्हणाली. "नुसती दारं लावून बसल्यात."

घरी आल्यावर ऋषिराजनं कुणालाही न विचारता दोन लायब्रऱ्या काढून टाकल्या आणि एक ठेवली. कोणती ठेवली, ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. म्हणून घरात शांतता आहे. बटणाला एक सही, एका दाबाला एक ऑर्डर. हे त्यानं पुन्हा पुन्हा तपासलं. दुसऱ्या तोड्याच्या वेळी तो अभिमानानं पडवीत बसला. घर गोळा झालं.

टिंग.

सगळे थांबले. पुढचं टिंग आलं नाही.

"एकच?" तात्या म्हणाले.

"एकच, तात्या. आता बरोबर आहे."

दिवसभर तेच. एक टिंग, एक पेटी. बागेत फळ मागच्याइतकंच होतं आणि ऑर्डरी तिसऱ्या हिश्शानं. संध्याकाळी बनाबाई पुन्हा त्याच्याकडं बघायला लागली. तेवढ्यात प्राचीताईंचा फोन आला. ऋषिराजनं स्पीकर लावला.

"अहो, मावशींना सांगा, आमच्या मजल्याला आठ पेट्या हव्यात. मी सकाळपासून बसलेय, पण तुमच्या त्या पानावर आठ लिहायचं कुठं?"

"म्हणजे?"

"नाव लिहायला जागा आहे, पत्त्याला आहे. फोटो तर एवढे सुंदर फिरतात. पण किती पेट्या हव्यात, ते विचारलंयच कुठं?"

श्रेयानं लॅपटॉप स्वतःकडं वळवला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिनं पदर तोंडाला लावला.

"ऋषी," बनाबाई हळूच म्हणाली, "भाजीवालीबी आदी इचारती रं, किती दिऊ म्हून. त्या तिघींतल्या एकीलाबी ह्ये सुचलं न्हाय?"

खोटं बोलणं ऋषिराजच्या ध्येयात बसत नव्हतं. "ते लायब्ररीला सुचत नसतं, आई. ते... ते लिहिणाऱ्यानं सुचवायचं असतं."

आबांनी पेरूची फोड चावून चावून खाल्ली, बी थुंकलं आणि नातवाकडं मायेनं बघितलं.

"मग पोरा, निवडनूक त्या तिघींची कशापायी लावली? तुझी लावायची हुती. डिपॉझिट जप्त झालं असतं."